बाबा डोकी मोजतोय

...नाही नाही, टाळ्या कसल्या वाजवता? थांबवा आधी त्या टाळ्या. आणि बाई, तुम्ही माझी ही जी काय ओळख करून दिलीत ना, अशी ओळख पुढच्या वेळी कुणाची करून द्यायच्या आधी त्या माणसाच्या बायकोला एकदा विचारून घेत जा, एवढीच हात जोडून विनंती. म्हणे, "यांच्या बिस्किटांच्या कारखान्यात इतक्या वर्षांत एकही अपघात झालेला नाही." खरंय! अगदी खरंय! कारखान्यात नाही झालेला! आणि तुम्ही सगळे आईबाप पोरांच्या त्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलाय, फळ्यावर बाईंनी रंगीत खडूनं लिहिलंय, 'मुले स्वयंपाकात मदत करताना घ्यायची काळजी', खाली हौसेनं एक कढई काढलीय, कढईत ज्वाळा काढल्यात... बाई, त्या ज्वाळा तेवढ्या पुसता का? नाही, मी बोलतो, बोलायलाच आलोय, पण त्यांच्याकडे पाठ करून मला आता उभं राहवत नाही. आणि का राहवत नाही, तेच सांगतो.

तर कारखान्यात माझं काम काय? तुम्हाला सांगतो, माझं काम म्हणजे दुसऱ्यांना भीती घालायची. यंत्रात हात घालू नका, ओल्या फरशीवर धावू नका, फरशीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे उभे राहा. लोक मला वैतागतात, जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर कुणी बसत नाही, पण धोक्याचा भोंगा वाजला की सगळे बघतात कुणाकडे? माझ्याकडे! मग मी काय करायचं, तर गळ्यातली शिट्टी फुंकायची, पुढे चालू लागायचं, फाटकाजवळ हिरव्या पाटीखाली जाऊन उभं राहायचं आणि मागून येणाऱ्यांची डोकी मोजायची. दर महिन्याला आम्ही याची रंगीत तालीम करतो. भोंगा, शिट्टी, फाटक, डोकी. झोपेतून उठवलं तरी करीन. शेवटी मी पडलो सुरक्षेचा माणूस.

आता असा माणूस संध्याकाळी घरी येतो तेव्हा तो काय, शिट्टी खुंटीला अडकवून साधा बाप होतो? व्हायला हवा होता. नाही झाला. माझी बायको दाताच्या दवाखान्यात कामाला आहे, दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवते, त्यामुळे घरी आल्यावर स्वतःचं तोंड फारसं उघडत नाही. घरात दोन मुलं. एक मोठी, नऊ वर्षांची, तिला आम्ही मोठीच म्हणतो. आणि एक धाकटा, पाच वर्षांचा, तो अष्टौप्रहर तिच्या मागे असतो म्हणून त्याचं नाव पडलं शेपूट. ही दोघं आईबरोबर स्वयंपाक करायची. म्हणजे कसं, ती बोलता बोलता करायची. शेपटाकडे पालेभाजी निवडायला, मोठीकडे बटाटे सोलायला, स्वतः ओट्याशी. "भांड्याचा दांडा आत वळव गं. तेल ठेवायच्या आधी झाकण शेजारी काढून ठेव. आता मी ओतणारे, दोघं मागे सरका." झालं! संपली सुरक्षा! ना पाटी, ना पट्टा, ना प्रशिक्षण. मी दारात उभा राहून बघायचो आणि माझा जीव नुसता खालीवर व्हायचा. म्हणायचो, "अगं, याला काही पद्धत?" ती म्हणायची, "कांदा चिर." एवढंच. तुम्हाला सांगतो, आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं कांदा चिर अशीच आलीत.

मग मी म्हटलं, हिला नाही कळत, आपल्याला कळतं ना? आपण करू. कारखान्यातून पिवळी चिकटपट्टी आणली आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर ओट्यापासून चांगली लांब एक रेघ मारली. मुलांनी रेघेच्या अलीकडे. आणि एवढ्यावर थांबलो तर तो मी कसला? आमच्या कारखान्यातल्या वेल्डरला गाठलं, त्याच्याकडून पत्र्याचा एक डबा बनवून घेतला, लांबट, शेगडीच्या बटणांवरून बरोबर बसेल असा. त्याला कडी, कडीला कुलूप! म्हणजे काय, की आपण गॅस पेटवायचा, आच लावायची, डबा बसवायचा, कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात. पोरांनी बटण फिरवायचा प्रश्नच नाही. खालच्या कपाटात गॅसचा मुख्य कॉक, त्या कपाटालाही कुलूप. आणि गोंधळ नको म्हणून दोन्ही कुलुपांना एकच किल्ली. तो वेल्डर मला म्हणाला होता बरं का, "साहेब, पण विझवायचा झाला तर?" मी म्हटलं, "किल्ली माझ्याकडे असते." तो म्हणाला, "बरं." कारखान्यातली माणसं माझ्याशी वाद घालत नाहीत, आपल्या टेबलावर जाऊन बसतात.

तर त्या दिवशी काय झालं... नाही, तुम्ही हसा, हसू दाबू नका. त्या दिवशी बायकोला दवाखान्यात उशीर होणार होता. मोठी म्हणाली, "बाबा, आईला बटाट्याचे काप आवडतात. ती दमून येईल. आपण करून ठेवू या?" आता ही पोर आईसाठी काहीतरी करू बघतेय, बापाला विचारतेय, बापानं काय म्हणावं? चल, म्हणावं. मी म्हटलं, "चल, पण पद्धतशीर."

बटाटे धुतले, सोलले. सोलायला मी तिला कारखान्यातले हातमोजे दिले, कोपरापर्यंत येणारे, त्यात तिची बोटं कुठं गेली ते तिला सापडेना. बटाटा हातातून तीनदा निसटला, एकदा तर दिवाणखान्यापर्यंत गेला, शेपूट तो पकडायला धावला, आणि मी ओरडलो, "घरात धावायचं नाही!" मोठी म्हणाली, "बाबा, आई मला मोजे नाही घालायला लावत, ती फक्त म्हणते सोलणं आपल्यापासून लांबच्या बाजूला कर." मी म्हटलं, "आईचं वेगळं." आता आईचं काय वेगळं, हे मला कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मग गॅस. कढईत तेल ओतलं. मोठीनं हळूच मांडणीवरचं झाकण काढून कढईशेजारी ठेवलं. मी म्हटलं, "हे कशाला इथे? पसारा नको," आणि उचलून परत मांडणीवर. तिनं माझ्याकडे बघितलं. पाणी प्यायच्या निमित्तानं उठली आणि झाकण परत तिथेच. मी दुर्लक्ष केलं. मोठ्या आचेवर गॅस लावला, कारण भूक लागली होती, डबा बसवला, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि दोघांना रेघेच्या अलीकडे उभं केलं. म्हटलं, "आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वयंपाक करताना अंगावर सैल कपडे नकोत." म्हणालो आणि खाली बघितलं, तर माझीच पँट ही एवढी ढगळ! आता? मुलांना एक सांगायचं आणि आपण दुसरं करायचं? छे! माझ्या तत्त्वात बसत नाही! मी म्हटलं, "इथून हलायचं नाही, मी आलोच." तेल आचेवर, मुलं तेलासमोर, आणि सुरक्षेचा माणूस गेला पँट बदलायला.

आता आणखी ऐका. बदलली. घट्ट पँट घातली. काढलेल्या पँटवर बटाट्याची माती होती, म्हणून टाकली धुण्याच्या यंत्रात, वरून इतर चार कपडे, लावलं सुरू, कारण एका हेलपाट्यात दोन कामं झाली तर बायको खूश होईल. आलो परत. मुलं जागची हलली नव्हती. किती बरं वाटलं मला! म्हटलं, हे बघा, याला म्हणतात शिस्त. आणि त्या आनंदात मी शेगडीकडे पाठ केली, मुलांकडे तोंड केलं, आणि व्याख्यान सुरू केलं.

काय व्याख्यान होतं! तुम्हाला देणार होतो तेच, रंगीत तालीमच म्हणा ना. "मुलांनो, स्वयंपाकघरात सर्वांत धोकादायक गोष्ट कोणती? तापलेलं तेल. तेलाकडे कधीही दुर्लक्ष करायचं नाही, क्षणभरसुद्धा." शेपटानं बोट वर केलं. म्हटलं, "प्रश्न शेवटी." "तेल जास्त तापलं तर आधी त्यातून धूर येतो." मोठी म्हणाली, "बाबा, धूर..." म्हटलं, "बरोबर, धूर. पण मध्ये बोलायचं नाही. धूर दिसला की ताबडतोब काय करायचं?" मोठी म्हणाली, "गॅस बंद करायचा." मी म्हटलं, "शाब्बास! आणि धूर येऊनही गॅस बंद केला नाही तर?" शेपूट म्हणाला, "बाबा, मागे." मी म्हटलं, "हात वर करून बोल." त्यानं बिचाऱ्यानं हात वर केला. मी म्हटलं, "हां, थांब, तुझा नंबर नंतर. तर गॅस बंद केला नाही तर तेल..." आणि माझी मान गरम झाली.

वळलो. कढईत ज्वाला! माझ्या छातीएवढी! पुस्तकात असते तशी नाही हो, ती आवाज करते, फुर्र फुर्र असा. मी आयुष्यात किती लोकांना शिकवलं असेल की तेलाच्या आगीवर पाणी टाकायचं नाही? आणि माझा हात कुठे गेला असेल? पाण्याच्या तांब्याकडे. उचललासुद्धा. मोठी म्हणाली, "बाबा, पाणी नको." ओरडली नाही. तू विसरलास का, असं सांगावं तशी म्हणाली. तांब्या खाली ठेवला. म्हटलं गॅस बंद करू. बटणावर डबा, डब्याला कुलूप, हात खिशात... घट्ट पँट! खिसाच नाही तिला! धावलो यंत्राकडे, तर गोल काचेच्या आत माझी पँट गरगर फिरतेय, आणि दार उघडेना, का उघडेना, तर मुलांनी उघडू नये म्हणून मीच वरचं ते मुलांपासूनचं लॉक लावून ठेवलेलं! किल्ली आत, मी बाहेर. साबणाच्या फेसात एकदा ती काचेवर येऊन टक् करून वाजलीसुद्धा. माझी पाचावर धारण बसली. आणि मग माझा हात गळ्याशी गेला. तिथे शिट्टी होती.

फुंकली.

आणि आता जे सांगतो त्याला हसायचं तर हसा, मी तुमच्याकडे बघणार नाही. शिट्टी फुंकली आणि पाय निघाले. दारातून बाहेर. जिन्यानं खाली. लिफ्ट उभी होती दार उघडून, पण आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नाही, नियम म्हणजे नियम! एका हातानं कठडा धरून, भिंतीच्या कडेनं, अगदी शिकवतो तसा उतरलो. इमारतीच्या फाटकाशी आलो, वळलो, आणि डोकी मोजायला लागलो.

एक.

परत मोजली. एकच. आणि ते एक माझं होतं.

आमचा वॉचमन खुर्चीतून उठला. म्हणाला, "काय साहेब, ड्रिल का?" मी म्हटलं, "आग लागलीय." "कुठे?" "घरात." "अरे बापरे. मग मुलं कुठे गेलीत?" मी म्हटलं, "येतील मागून." अहो, खरंच म्हटलं मी असं! कारण कारखान्यात येतात हो मागून! वळून बघितलं की ती आलेलीच असतात, चहाबद्दल, क्रिकेटबद्दल गप्पा मारत! वॉचमननं माझ्या तोंडाकडे बघितलं, खुर्चीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली आणि जिन्याकडे धावला. आणि मी? मी तिथेच. पाय हलेनात. म्हणजे खाली यायला चालले ते पाय वर जायला चालेनात. आणि त्याच वेळी फाटकातून, दवाखान्यातून दमलेली, खांद्याला पिशवी, माझी बायको आत आली.

तिनं मला बघितलं. ओठांत शिट्टी, बोट हवेत, मोजायचं. म्हणाली, "मुलं कुठायत?"

तुम्हाला सांगतो, आजवर मला साहेबांनी झापलंय, तपासणीवाल्यांनी झापलंय, सासऱ्यांनी तर लग्नाच्या आधीच झापलं होतं. पण त्या दोन शब्दांना मी जे उत्तर दिलं ना, ते आठवलं की अजून मला कुठे तोंड लपवू असं होतं. मी म्हटलं, "मी डोकी मोजतोय." तिनं पिशवी तिथेच टाकली. तिला वर पळताना बघितलं तेव्हा कुठे माझे पाय सुटले, मीही धावलो, पण तिच्या मागे. त्या दिवशी मी सगळ्यांच्या मागेच होतो, एक पळ काढण्यात तेवढा पुढे.

वर काय होतं? दार सताड उघडं. घरभर धूर. वॉचमन खिडक्या उघडतोय. आणि बाहेरच्या खोलीत सोफ्यावर दोघं बसलेली, शेजारी शेजारी, पायांत बूट घालून, हातात हात. शेपटाच्या बुटाची नाडी मोठीनं बांधलेली, अगदी फुलपाखरासारखी. आग विझलेली होती.

काय झालं होतं, ते मी तुम्हाला सांगतो, मला शेपटानं सांगितलं, आणि तो ते अजून येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगतो, दूधवाल्यालासुद्धा. मोठीनं झाकण उचललं, तेच, माझ्या दृष्टीनं पसारा असलेलं, आणि मोठा चिमटा घेऊन ते बाजूनं कढईवर सरकवलं. वरून टाकायचं नाही, बाजूनं सरकवायचं, हे तिला आईनं कधीतरी सांगितलेलं, कांदा भाजता भाजता. ज्वाला बसली. पण खाली गॅस चालूच! मोठी म्हणाली, "आता डबा कसा काढायचा?" आणि शेपूट म्हणाला, "मला येतो." गेला, चमचा घेतला, डब्याच्या मागच्या कडेत घातला, टुक् केलं. निघाला डबा! कुलूपबिलूप तसंच! अहो, तो रोज उघडत होता! त्याच्या दोन खेळण्यातल्या गाड्या त्या डब्यात उभ्या करतो तो रात्रीच्या, त्याला वाटत होतं मी त्याला गॅरेज आणून दिलंय! आणि मोठीनं बटण बंद केलं.

आता तुम्ही म्हणाल, वा, काय मुलगी! नका म्हणू. मी म्हटलं तसं, तर बायकोनं मला थांबवलं. नऊ वर्षांच्या पोरीनं आगीजवळ जायचंच नव्हतं. तिनं भावाचा हात धरून सरळ घराबाहेर पडायचं आणि मोठं माणूस गाठायचं, हेच बरोबर. पण मोठं माणूस होतं ना घरात! तिच्या समोर उभं होतं! ती थांबली ती त्यासाठीच. मी तिला नंतर विचारलं, "तू माझ्या मागून का नाही आलीस?" तर म्हणाली, "मला वाटलं तू काहीतरी आणायला गेलायस."

...थोडं पाणी देता का, बाई? नाही, त्या तांब्यातलंच द्या, चालेल.

तर. बायकोनं दोघांचे हात हातात घेतले आणि एकेक बोट उलटसुलट करून बघितलं. शेपटाची भुवई बघितली, मोठीचे केस हुंगले. कुणाला काही झालेलं नव्हतं. मग उठली, कढई तशीच राहू दिली, ब्रेड कापला, वॉचमनला बसवून चहा दिला, मुलांना जेवू घातलं. मला काही बोलली नाही. अहो, एखादी बायको भांडली असती, आदळआपट केली असती, आईकडे जाते म्हणाली असती! मी कांदा आणि सुरी घेऊन तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो, म्हटलं निदान कांदा चिर तरी म्हणेल. म्हणाली, "कांदा नकोय आज."

मुलं झोपल्यावर मी सुरू केलं, "अगं, सवय गं, इतक्या वर्षांची सवय, शिट्टी वाजली की पाय आपोआप..." ती म्हणाली, "शिट्टी कुणी वाजवली?" मग म्हणाली, "तू घाबरलास, हे मला समजतं. मीही घाबरले असते. पण जिन्यात तुला एकदाही मागे वळून बघावंसं वाटलं नाही?" काय सांगू? मी सगळ्यांना सवयच सांगतो. साहेबांना तेच सांगितलं, वॉचमनला तेच, शेजाऱ्यांना तेच. सगळे हसून म्हणतात, हो हो, कामाची सवय, होतं असं. पण तुम्ही आईबाप आहात, तुमच्यापाशी कशाला खोटं बोलू? सवय नव्हती ती. भीती होती. नुसती भीती, आणि तिला नियमांचा गणवेश घातलेला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात ना, त्यातला तो पाषाण बघायचाय? हा उभा आहे तुमच्यासमोर, बघून घ्या. शेवटी मी पडलो सुरक्षेचा माणूस, सगळ्यात आधी सुरक्षित मीच झालो.

आणि हे आजचं व्याख्यान! ते आधीच ठरलेलं होतं हो, आगीच्या आधी. मी बाईंना फोन लावायला घेतला, म्हटलं सांगावं घसा बसलाय, ताप आहे, गावाला गेलोय. बायको म्हणाली, "जा की. इतकं ताजं उदाहरण दुसऱ्या कुणाकडे असणार?" म्हणून आलो.

तर आता विषयावर येतो, नाहीतर बाई म्हणतील, फळा उगाच रंगवला. मुलांना स्वयंपाकात घ्या. घ्याच. पण व्याख्यान देऊ नका, शेजारी उभे राहा. मूल धूर म्हणालं की धूर बघा, त्याला हात वर करायला लावू नका. शेगडी त्यांना बंद करता येणार नाही अशी कराल, तर आधी बघा तुम्हाला बंद करता येते का. तेल चढवलं की पँट कशीही असो, तिथून हलू नका. आणि आग लागली तर मुलांचा हात आधी धरा आणि मग पळा, खुशाल पळा, पळण्यात काही कमीपणा नाही, पण हात धरा. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं, कारण हे शिकवावं लागेल असं कुणाला वाटलंच नसणार.

पिवळी पट्टी मी काढली. डबा शेपटाला दिला, कायमचं गॅरेज. शिट्टी कारखान्यातच ठेवून येतो आता. पण तुम्हाला सांगतो, माझा जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत. मोठी माझ्याबरोबर पुन्हा ओट्याशी उभी राहील का? रोज ती यायची, अभ्यास दाखवायची, हसायची, सगळं नेहमीसारखं, फक्त स्वयंपाकघरात मी शिरलो की ती काहीतरी निमित्त काढून बाहेर. मी कढईकडे बघायचो आणि कढई माझ्याकडे. विचारायची लाज वाटत होती हो. आपल्याच मुलीला विचारायचं, की तुझा माझ्यावर भरवसा आहे का, आणि ती खरं बोलली म्हणजे?

काल संध्याकाळी धीर केला. म्हटलं, "मोठे, आईचे ते काप राहिलेच. आज करू या का गं आपण? तू सांगशील तसं." तिनं जरा विचार केला. आणि म्हणाली, "हो, करू ना." अहो, मला काय झालं म्हणून सांगू! डोळे भरून आले. आई होती ओट्याशी, तिनं तेल ठेवलं, मोठीनं दांडा आत वळवला, झाकण शेजारी काढून ठेवलं, शेपूट बटाटे पुसायला बसला. मी बाह्या सावरून ओट्याकडे निघालो, तर मोठी म्हणाली, "थांब बाबा." गेली, जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत घेऊन आली आणि बरोबर स्वयंपाकघराच्या दारात ठेवली, पाठ ओट्याकडे, तोंड जिन्याकडे. मला वाटलं चिडवतेय. नाही हो, टिंगल नाही, राग नाही, काही नाही. आजारी माणसाला उशी द्यावी तशी म्हणाली, "तू इथे बस बाबा. म्हणजे तुला पळायला बरं."

बायकोनं तेलावरची नजर काढली नाही. शेपटानं माझ्या हातात लसूण आणून दिला.

मग काय करता... बसलो. आणि बसल्या बसल्या सवयीनं बघितलं, तर तुम्हाला सांगतो, खुर्ची अगदी योग्य जागी होती.